टेपाडावरची चार अंडी

टिटवीला मूर्ख म्हणणाऱ्याशी मी भांडते. उघड्यावर, खड्यांत अंडी घालते म्हणून मूर्ख? अहो, पाय पडायची वेळ आली तरी ती अंडी खड्यांतून वेगळी दिसत नाहीत. आणि तिच्याइतकी नाटकी बाई मी आमच्या अख्ख्या भावकीत पाहिली नाही. आमची भावकी काही कमी नाटकी नाही बरं का.

माझं माहेर वरव्याचं. तिथं टिटवी ओरडली की आई "मेली अवदसा" म्हणायची, तेवढीच आमची ओळख. लग्न करून वेल्ह्याकडच्या या वाडीत आले. धनी टेम्पोवर, दिवसभर पानशेतच्या फेऱ्यांत. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी. ते कमी बोलत, आणि मी पडले बडबडी. पहिले कित्येक दिवस मी म्हशीशीच बोलत असे.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात ओढ्याकाठच्या खाचरात शेणाची पाटी घेऊन गेले, तर एक टिटवी पंख फरफटत, लंगडत पुढून चालली. मला वाटलं, जखमी झालीय बिचारी. पदर खोचून मागं लागले. चांगलं लांब नेलं तिनं मला, आणि मग भुर्रकन उडाली की! मी तिथंच बसून हसले. दुसऱ्या दिवशी लांबून पाळत ठेवली तेव्हा कुठं बांधाच्या बुडाशी अंडी सापडली. चार होती, टोकं आत करून ठेवलेली.

मग मला तिचं वेडच लागलं. म्हैस चरत जवळ आली तर ही हलायची नाही, उलट तिच्या तोंडासमोर पंख पसरून उभी राहायची. कुत्रं आलं की लंगडायचं नाटक. माणूस आलं की चोरपावलांनी भलतीकडंच जाऊन, जणू अंडी तिथंच आहेत अशी बसायची. भर दुपारी ओढ्यात पोट भिजवून यायची आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसायची, त्यांना गारवा मिळावा म्हणून. हे तिला कुणी शिकवलं असेल?

पण जागा चुकली होती. आमच्याकडं भाताचं बी टाकायच्या तुकड्यावर आधी शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. आदल्या वर्षी आमचा राब त्याच कोपऱ्यात भाजलेला, म्हणून यंदाही तिथंच भाजणार असं मी धरून चालले. पाखराच्या अंड्यांसाठी राब हलवा असं नव्या सुनेनं कुठल्या तोंडानं सांगायचं? मग मी अंडीच हलवायला घेतली. रोज सकाळी दोन-चार हात. खडेसुद्धा जसेच्या तसे मांडायचे आणि लांब जाऊन बसायचं. ती यायची, मान वाकडी करून बघायची, गोल फिरायची आणि बसायची. बांध चढवायच्या दिवशी मात्र ती बराच वेळ बसेना. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी बसली तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

मला मात्र तिनं कधी माफ केलं नाही. शेतातून चार बायका जायच्या, ही नेमकी माझ्याच डोक्यावर झेपावायची. साडी बदलून पाहिली, डोक्यावर टोपलं घेऊन पाहिलं. छे! लांबूनच ओळखायची. अशी दहा-बारा दिवसांत अंडी बांधावरून वरच्या टेपाडावर पोचली, आणि मी स्वतःवरच खूश झाले.

मला काय माहीत, की या वाडीत टिटवीची अंडी पोथीसारखी वाचतात! अंडी खोलगट रानात असली तर पाऊस कमी, तेव्हा राब खाली ओढ्याजवळ भाजायचा, ओल मिळते. अंडी उंचावर असली तर पाऊस फार, तेव्हा राब वर, म्हणजे रोप वाहून जात नाही. आणि वाचणारे एकच, आमचे मामंजी. त्यांच्या शब्दावर अख्खी वाडी चालायची. वैशाखात ते रानात गेले, लांबूनच बघितलं आणि परत येऊन ओट्यावर जमलेल्यांना म्हणाले, "अंडी हायेत. अन् टेपाडावर. यंदा वढा अंगावर येतूय. राब वर भाजा."

मी दारात चहा घेऊन उभी. बोलायला हवं होतं, त्याच क्षणी बोलायला हवं होतं. इतक्या माणसांपुढं तोंडच उघडलं नाही. वाडीनं राब वर भाजले. पिल्लं निघाली आणि पायांवर आली तशी आईमागं पळून गेली.

आणि पाऊस आलाच नाही. आला तो चार शिंतोडे टाकून गेला. वरचं रोप पिवळं पडायला लागलं. मी ओढ्यातून हंडे वाहिले, खांदे सोलवटले, तरी निम्मं करपलं. वाडीनं खालच्या गावांतून उरलंसुरलं रोप मागून आणून कशीबशी लावणी केली. मग लोकांची तोंडं सुटली. "काय म्हणतीया तुमची टिटवी?" असं पोरंसोरंसुद्धा विचारायला लागली. मामंजी खाली मान घालून जात. एकदा मला म्हणाले, "टिटवी खोटं बोलत न्हाई, पोरी. माजीच नदर गेली." त्यांनी रानात जाणं सोडलं. ज्यांनी जन्मभर पाखरं बघितली, ते आता पडवीत भिंतीकडं तोंड करून पडायचे.

पुढच्या वैशाखात मला राहवेना. त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता घराबाहेर काढतात. ते उठून बसले.

"तू हालवलीस, अन् ती बसली?"

"व्हय मामंजी. रोज."

"पयली कुठं व्हती?"

"खाली. राबाच्या कोपऱ्यात."

"आत्ता गं! म्हंजी तिनं बराबर सांगितलं व्हतं!" वर्षभरानं मी त्यांना हसताना पाहिलं. त्यांनी काठी घेतली. "चल, दाव मला."

आम्ही खाचराकडं गेलो. बांधावर पोचतोय तोच टिटवी उठली, मामंजींना ओलांडून सरळ माझ्या डोक्यावर आली. एकदा, दोनदा, तीनदा. त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मी पदर डोक्यावर घेऊन खाली बसले, आणि मामंजी काठीवर रेलून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते. "वळखलं की गं तुला! साक्ष पटली."

येताना मी म्हणाले, आज वाडीला सांगते. ते थांबले. "अजाबात न्हाई. म्हातारा चुकला म्हणत्यात, म्हणू दे. सुनंनं आमचं रोप जाळलं म्हणाया लागले तर तुला हितं जगू द्यायचे न्हाईत."

त्यानंतर ते रोज रानात जात, मला बरोबर नेत. कोतवाल पक्षी म्हशीमागंच का फिरतो, सातभाईंतला एक कायम पहाऱ्यावर कसा असतो, सगळं त्यांनीच दाखवलं. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे उन्हाळे. कुठं गेले ते, कळलंही नाही. वाडी मात्र त्यांना विचारायला परत कधी आली नाही. आता तर हवामान मोबाईलवर बघतात.

मामंजी गेले. तेराव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, "माणूस देव व्हता, पण टिटवीनं लई फशिवलं बगा त्याला." लोक हसले. वाढता वाढता मी त्या माणसाच्या पानात आमटी वाढली आणि पुढं गेले. त्या दिवशीही गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

म्हणून हे आज लिहून ठेवते, वाडीनं वाचावं. मामंजी चुकले नव्हते. अंडी मी हलवली होती.