याद्यांमधलं शेवटचं कलम

"हे शेवटचं कलम काढावं लागेल, श्रीकांतकाका," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "तेच तर महत्त्वाचं आहे."

मी अमेरिकेत बेलव्ह्यूमध्ये फॅमिली लॉयर आहे. श्रीकांतकाका (नावं बदलली आहेत) रिटायर्ड इंजिनियर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मेधामावशीही एकट्या, पुण्याचा फ्लॅट विकून इथे मुलाकडे राहायला आलेल्या. दोघांनी लग्न ठरवलं आणि काकांच्या मुलीने दूर दुसऱ्या राज्यातल्या अल्फारेटाहून प्रीनपची अट घातली. प्रीनप म्हणजे लग्नाआधी करायचा करार: कोणाचं काय कोणाचं राहील.

काकांनी त्याच्या चक्क याद्या करून आणल्या. आपल्याकडे लग्न ठरलं की वडीलधारी बसून कोणी काय करायचं ते लिहून काढतात, तशा. कागदाला हळदकुंकू, खाली दोघांच्या सह्या. आणि दोघांची वकील मीच व्हावं असं काकांचं म्हणणं, कारण मी घरच्यासारखी. एक वकील दोघांची बाजू घेऊ शकत नाही, उद्या कोर्ट असा करार फेकून देऊ शकतं, हे मी समजावलं. मावशींनी आठवड्याभरात स्वतःची वकील शोधली. काकांना ते भांडण उकरून काढल्यासारखं वाटलं.

बाकी कलमं सोपी होती. घर मुलीला जावं, हे लिहिता येतं. जुनी कर्जं ज्याची त्याची, तेही येतं. तरुण जोडपी पुढे होणाऱ्या मुलांचा ताबा आधीच ठरवून मागतात, ते नाही येत. मुलांचं हित कोर्ट त्या वेळी बघतं. काकांचं शेवटचं कलम असं होतं: रात्रीचं जेवण दोघांनी रोज एकत्र घ्यावं. एकाने दुसऱ्याला टाकून मुलांकडे राहायला जाऊ नये.

"काका, कोण कोणाबरोबर जेवेल यावर जज हुकूम काढत नाही."

"सहा वर्षं मी सिंकपाशी उभा राहून जेवतोय," ते म्हणाले. "टेबलावर एकच ताट मांडवत नाही गं."

घटस्फोटानंतर मीही बहुतेकदा लॅपटॉपसमोर जेवते. कलम मात्र काढलं. वकिलाचं कामच तसं.

मग मावशींच्या वकिलाकडून एकच मागणी आली. काकांच्या पश्चात मावशींना हयातभर त्या घरात राहता यावं. त्यांच्यामागे घर मुलीचंच. हे कायद्यात बसतं. मी काकांना स्पष्ट सांगितलं की मागणी रास्त आहे. ते म्हणाले, मुलीला विचारतो. चौघांच्या मीटिंगमध्ये त्यांनी तिला स्पीकरवर घेतलं.

"बाबा, लेट्स कीप इट सिंपल," ती म्हणाली. "इट्स आईचं हाऊस."

काकांनी फोन ठेवून दिला. काहीतरी बोला म्हणून मी त्यांना टेबलाखालून पाय मारायचीच बाकी होते.

"मी मुलाकडची खोली सोडून येणार," मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुमच्यामागे मी कोणाच्या दारात उभी राहू?"

"बघू ना, होईल काहीतरी," काका म्हणाले. "एवढा विश्वास नाही का?"

"जेवणाचं तुम्ही लिहून मागत होतात," मावशी म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली आणि दोन्ही वकिलांचे आभार मानून निघून गेल्या.

पंधरा दिवसांनी काका एकटेच आले. मुलीशी भांडून आले होते. घराचं कलम घाल, म्हणाले, आत्ता सही करतो. मी मावशींच्या वकिलाला कळवलं. दुसऱ्या दिवशी मावशींचं उत्तर आलं: "त्यांना सांगा, राग नाही. पण मी तिथे बसले होते तेव्हा त्यांनी मुलीला विचारलं, मला नाही."

मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग जॅकेट घालून ते हळूहळू पार्किंगकडे गेले.

प्रीनपमध्ये काय काय लिहून घेता येईल, हे मला सगळे विचारतात. मी काय लिहून देऊ, असं वेळेवर विचारणारा क्लायंट अजून भेटायचा आहे.