शंकाअण्णा आणि माझं ‘सरी’

अण्णांवर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात अर्जापलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला. शिवाय अण्णांच्या हाताखाली मी जेमतेम सहा महिने होतो, आणि त्यातले बरेच दिवस मला त्यांची भीतीच वाटत होती. चुकलं तर माफ करा.

ऑफिसात सगळे त्यांना ‘शंकाअण्णा’ म्हणत. कुठल्याही खोलीच्या उंबऱ्यावर ते थांबत आणि नाक वर करून विचारत, “हवा येते कुठून? जाते कुठून?” उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवर बसत नसत. बंगळुरात, जे. पी. नगरमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात बोटींच्या केबिनसाठी हवा खेळती ठेवण्याची आणि एसीची आखणी होई. समुद्र मात्र रात्रभराच्या बसप्रवासावर. “बोट न बघता बोटीला श्वास द्यायचा,” अण्णा म्हणत, “मग संशय नको घ्यायला?”

त्यांचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या चामराजपेटचं. माझी निपाणीकडची बोली ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाले, “तू खरंच इंजिनिअरिंगचा ना? आयडी दाखव.” मला थट्टा वाटली. त्यांनी आयडी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

एसीवर त्यांचा भारी राग. “गार वाटलं की माणूस शंका घ्यायचं सोडतो. गार हवा वेगळी, ताजी हवा वेगळी.” कॉम्प्युटरवरचे रंगीत बाण त्यांना पटत नसत. प्लायवूडची छोटी केबिन करून ते तिच्यात उदबत्ती धरत आणि धूर कुठे वळतो ते डोळे बारीक करून बघत. माझं ड्रॉइंग संध्याकाळी लाल पेन्सिलीने तपासत, आणि सकाळी पुन्हा. “घरी जाऊन काही बदललं नाहीस ना?” मला वाटे, खेड्यातून आलोय म्हणून यांचा माझ्यावर विश्वास नाही. माझ्या इंटर्नशिपच्या पत्रावर सही त्यांचीच लागणार होती. ते पत्र नाही तर शेवटचं वर्ष वाया.

तेव्हा किनाऱ्यावरच्या एका यार्डात मासेमारीची मोठी बोट तयार होत होती. केबिनमध्ये सहा माणसं झोपणार. ताजी हवा आत घेणारं तोंड आम्ही पुढे ठेवलं होतं, कारण जनरेटरचा धूर मागून सुटणार होता. चालत्या बोटीच्या मागे तो धूर परत आत ओढला जातो, हे अण्णांनीच मला उदबत्तीने दाखवलं होतं.

एके दिवशी अण्णा चहाला गेलेले असताना यार्डच्या सुपरवायझरचा फोन आला. भराभर कानडीत ते सांगत होते की पुढे एक खांब आडवा येतोय, तोंड ‘स्वल्प’ मागे घेतो. बंगळुरात नव्यानेच उचललेलं ‘सरी, सरी’ मी म्हणत राहिलो, आपण ‘हं, हं’ म्हणतो तसं. त्यांनी आभार मानून फोन ठेवला, आणि मग माझ्या लक्षात आलं. कानडीत ‘सरी’ म्हणजे ‘ठीक आहे’; माझा हुंकार त्यांनी परवानगी म्हणून घेतला होता.

अण्णा दारातच उभे होते. “कशाला सरी म्हणालास?”

“रंगाचं विचारत होते, अण्णा.”

“कुठला रंग?”

“पांढरा.”

“पांढऱ्याला चार वेळा सरी?”

मी मान खाली घातली. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. पत्र डोळ्यांपुढे आलं आणि मी ड्रॉइंगकडे वळलो.

पुढचे चार दिवस ते माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे. शुक्रवारी त्यांनी इथल्याच बनशंकरीला लग्न आहे म्हणून रजा टाकली. ऑफिसात हसाहशी झाली, “नवरामुलगा खरा आहे का बघायला चाललेत!” मला वाटलं, कॉलेजात माझी तक्रार करायला गेले. पण परत आल्यावर त्यांनी पत्रावर सही केली. देताना क्षणभर ते तसंच धरून ठेवलं. मी “थँक्स, अण्णा” म्हटलं आणि निघालो.

पुन्हा तिकडे फिरकलो नाही. बातम्यांत ‘बोट’ हा शब्द दिसला की ती बातमी शेवटपर्यंत वाची, पण विचारायची हिंमत नव्हती.

गेल्या महिन्यात अण्णा गेले. चामराजपेटला भेटायला गेलो तर एक अनोळखी गृहस्थ बसले होते. आवाजावरून ओळखलं; यार्डचे सुपरवायझर. मी हळूच विचारलं, “ते तोंड... मागेच राहिलं का?”

“तुम्हाला ठाऊक नाही?” ते म्हणाले. “शुक्रवारच्या बसने अण्णा स्वतः आले होते की. ते उखडून पुन्हा पुढे बसवेपर्यंत हलले नाहीत. मी चिडलो. म्हटलं, तुमच्याच ऑफिसातल्या मुलाने हो म्हटलंय. तर म्हणाले, ‘चूक झाली हे त्यानेच मला सांगितलं. मुलगा खरं बोलतो.’”