सरावातला लाल रंग

ड्रोन उडवण्याआधी सरावाला आलेला तो ड्रोनचालक दर वेळी मूठभर वाळू हवेत सोडायचा आणि ती कुठे जाते ते बघायचा. वारा मोजणारं यंत्र त्याच्या गळ्यातच लटकत असायचं. अणुदुर्घटना झालीच, तर किरणोत्सर्ग कुठवर पसरला ते ड्रोनने वरून मोजून शोधायचा सराव मालवणजवळ आमच्या किनाऱ्यावर होता. गावातर्फे जागा, पाणी, जेवण मी बघत होते.

सरावापुरता पडद्यावरच्या नकाशात अर्धा किनारा लाल रंगवला होता. नेमकी तिथेच एक काकी बांगडे सुकवत होती. लोक हसले, "काकी, तुझे बांगडे गेले!"

ती रडवेली झाली. "हसतास काय रे? ही गजाल बाजारात गेली तर माझे बांगडे कोण घेतलो?"

मी तिला सराव म्हणजे काय ते समजावू लागले. त्याने मात्र पुन्हा वाळू सोडली आणि ड्रोन बांगड्यांवरून सावकाश फिरवला.

"वाळू उडवू नको रे!" काकी ओरडली.

त्याने पडदा तिच्यासमोर धरला. सगळा हिरवा. "काकी, मघाचा लाल रंग खोटा होता. हे मोजमाप खरं आहे."

मग मी मागवलेलं जेवण बाजूला ठेवून त्याने तिच्याकडूनच एक बांगडा भाजून घेतला आणि सगळ्यांदेखत खाल्ला.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. घाबरलेल्या माणसाला समजावण्याआधी मोजून दाखवावं, एवढं मात्र मी त्याच्याकडून घेतलं.

पुढच्या आठवडी बाजारात, कुडाळला, काकी ओरडत होती, "घेवा बांगडे! विमानान तपासलेले आसत!"