खिशातल्या अक्षता

दम्याच्या पंपाचं झाकण मी शेंगांच्या टरफलांबरोबर गाडीच्या खिडकीतून फेकून दिलं.

गोंदियाला निघालो होतो. शेगावच्या आसपास जरा धाप लागली म्हणून पंपाचं झाकण काढलं, ते मांडीवरच्या वर्तमानपत्रात ठेवलं, पंप ओढला, आणि बरं वाटल्यावर स्वच्छतेची आवड असल्यासारखा तो कागद चुरगाळून बाहेर भिरकावला. झाकणही गेलं हे बडनेऱ्याला लक्षात आलं. समोरच्या बाकावरचे गृहस्थ म्हणाले, औषध तर आहे ना? मलाही ते पटलं. झाकण म्हणजे पेनाच्या टोपणासारखं, नसलं तरी पेन लिहितंच. तोंडात धरायच्या बोंडल्याला रुमाल गुंडाळला आणि पुढचा प्रवास झोपेत केला.

जायचं होतं हेमराजच्या मुलीच्या लग्नाला. हेमराज आणि मी साताऱ्यात एकाच कचेरीत नोकरीला होतो. निवृत्त झाल्यावर तो गावी परतला आणि धान पिकवू लागला. मंजू ही त्याची एकुलती एक मुलगी. लहानपणी साताऱ्यात माझ्या मांडीवर बसून माझाच पंप खेळायला मागायची. पुढे तिलाही दमा निघाला, तेव्हा हेमराज गमतीनं म्हणाला होता की माझ्या घरातून ती एवढीच गोष्ट घेऊन गेली.

मे महिना होता. गोंदियाच्या स्टेशनाबाहेर पाय ठेवला आणि भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ आली. मला न्यायला हेमराजचा पुतण्या जितू जीप घेऊन आला होता. रिक्षावाले, चहावाले सगळे हिंदीत बोलत होते. मीही माझी सातारी हिंदी काढली. जितूनं ती थोडा वेळ ऐकली आणि म्हणाला, "काका, मराठीतच बोला जी. तुमची हिंदी समजून नाही राहिली."

वाटेत नागरा लागतं. तिथलं जुनं शिवमंदिर पाहायचंच असा हट्ट मी धरला. जितू नको म्हणत होता, देव संध्याकाळीही तिथंच असतो असं त्याचं म्हणणं. पण प्रवासवर्णन लिहिणाऱ्या माणसाला दुपारचं ऊन दिसत नाही. चप्पल काढून फरशीवर गेलो आणि गाभाऱ्यापर्यंतचं अंतर मी ज्या नाचऱ्या चालीनं कापलं तिला शंकरानं तांडव समजून दाद दिली असेल. मंदिराच्या कोरीवकामाबद्दल वाचकांना काही सांगता येत नाही, क्षमस्व. माझं सगळं लक्ष तळपायांकडे होतं.

परत आलो तर जितू जीपमधल्या काचेखालच्या कप्प्याकडे बघत उभा. तिथं उन्हात माझा पंप पडला होता, रुमालासकट.

"हे कायले ठेवलं इथं? मागच्या साली इथंच लायटर फुटला होता माझा."

हातात घेतला तर आतली औषधाची नळी चहाच्या कपासारखी तापलेली. मी म्हटलं, औषध आहे, लायटर नव्हे. जितूनं पंप हळूच माझ्या हातून घेऊन मागच्या सीटखाली सावलीत सारला आणि गाडी सुरू केली. बिरसीच्या धावपट्टीवरून शिकाऊ वैमानिकाचं एक छोटं विमान डगमगत वर चढलं. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची कापणी चालली होती. शिकाऊ माणसांबद्दल मला तेव्हा फार आपुलकी वाटली.

हेमराजच्या घरासमोर मांडव घातला होता. वहिनींनी कैरीचं पन्हं दिलं, मग जेवायला बसवलं. चिन्नोर (इकडचा बारीक, वासाचा तांदूळ) आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. भात इतका वाढत होत्या की वरण कुठं ओतायचं हा प्रश्न पडला. नको म्हटलं तर म्हणाल्या, नको कसं, इथं भाताशिवाय हायच काय.

जेवण झाल्यावर उन्हात तापलेल्या औषधाची मला काळजी वाटू लागली. जुन्या काळी कुणीतरी शिकवलेली परीक्षा आठवली. नळी पाण्यात टाकायची, बुडाली तर भरलेली, तरंगली तर रिकामी. मी ती नळी पंपातून काढून पाण्याच्या बादलीवर धरलीच होती, तेवढ्यात मागून हळदीनं माखलेला हात आला आणि माझं मनगट धरलं.

"काका, काय करून राहिले?"

मंजू होती. साताऱ्याची बोली ती केव्हाच विसरली होती. मी परीक्षेचं शास्त्र सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली की असं काही कळत नाही, उलट नळीच्या तोंडात पाणी जाऊन ते बुजतं. मग झाकण कुठं आहे, असं विचारलं. मी टरफलांची हकिकत सांगितली. जीपची हकिकत जितूनं आधीच सांगितली होती. ती हसली नाही. स्वतःचा पंप दाखवला. आतल्या खोलीत, भिंतीतल्या कोनाड्याच्या खालच्या खणात, स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावलेलं. ऊन नाही, चूल नाही, पाणी नाही. शेजारी रोज घ्यायचा दुसरा पंप, तो घेतल्यावर ती चूळ भरते. माझाही एक रोजचा पंप आहे. तो साताऱ्याला कपाटात होता, अगदी सुरक्षित.

मग ती जरा घुटमळली आणि दार लोटून घेतलं.

सासरच्यांना सांगितलेलं नव्हतं. तिरोड्याकडचं घर, माणसं चांगली, पण घराला लागून त्यांची भात सडायची गिरणी, आणि दिवसभर कोंडा उडतो. हेमराज म्हणत होता, लग्न होऊ दे, मग बघू. वहिनी म्हणत होत्या, दम्याची पोर म्हटलं तर मोडेल. तिला स्वतःला सांगून टाकायचं होतं. उद्या लग्न आणि आज कुणाला विचारावं, तर हा जुना दमेकरी पाहुणा.

"तुम्ही सांगा काका. बोलू का नको?"

असा सल्ला मागितला की माणसाची छाती फुगते, दमेकऱ्याचीसुद्धा. मी गंभीर चेहरा करून सांगितलं की मुळीच बोलू नकोस. एकदा अक्षता पडल्या की कोण काय विचारतं. तिनं मान डोलावली. पटलेलं दिसत नव्हतं, पण मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही म्हणून पंप आत्याच्या बटव्यात गेला. आत्या उद्या तिच्या मागेच उभी राहणार होती.

मी मात्र तिच्याकडून एक गोष्ट शिकलो. पंप गाडीत, बादलीत कुठंही ठेवायचा नाही, जवळ बाळगायचा. दुसऱ्या दिवशी नवा झब्बा घातला आणि पंप खिशात ठेवला. बोंडलं वर, सापडायला सोपं. झाकण अर्थातच नव्हतं. रुमाल घाम पुसायला लागत होता.

संध्याकाळी मांडव भरला. हेमराजनं माझा मान ठेवला आणि अंतरपाट धरायला मला बोलावलं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवरदेवाचा मामा. दोन्ही हात वर. अक्षता वाटत एक आजोबा आले. इतरत्र अक्षता चिमटीनं देतात. या भाताच्या मुलखात आजोबांकडे सूप होतं. माझे हात गुंतलेले बघून त्यांनी विचारलं, तुमच्या अक्षता? मी हनुवटीनं खिसा दाखवला. त्यांनी दोन ओंजळी भरून खिशात ओतल्या आणि वरून थापटल्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. पाचसहा माणसं पाच सुरांत. तेवढ्यात वारा फिरला. शेजारच्या खळ्यावर मळणीचं यंत्र चालू होतं, त्याचा भुसा मांडवात शिरला. बाकीचे लोक शिंकले. माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली. मी पुढच्या 'सावधान'ची वाट पाहत थांबलो. मानाचं काम सोडायचं कसं. मग डोळ्यांसमोर अंधारी आली आणि अंतरपाटाचं टोक माझ्या हातून सुटलं. नवरानवरीनं एकमेकांना मुहूर्ताच्या आधीच पाहिलं, आणि मग दोघांनी मला पाहिलं.

मी खिशातून पंप काढला, हलवला. खुळखुळ्यासारखा वाजला. औषध भरपूर आहे असं वाटून मला त्या अवस्थेतही बरं वाटलं. तोंडात धरला, दाबला आणि नेहमीच्या सवयीनं हुक्का ओढावा तसा जोरात ओढला. औषधाच्या आधी तांदूळ आले. एक दाणा थेट घशात. आता खोकला आणि धाप यांची माझ्यात मारामारी लागली. लोक पाणी आणा, कांदा आणा म्हणत होते. एकानं पाठीत गुद्दा घातला. एका उबळीबरोबर हळदीनं पिवळा दाणा बाहेर आला आणि नवरदेवाच्या मामाच्या सदऱ्यावर बसला. पण श्वास काही येईना. मी पुन्हा पंपाकडे बघितलं. बोंडल्यातून अक्षता डोकावत होत्या.

मंजू माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. मी मान हलवून नको म्हणत होतो. ते तिला कळलं. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, मग हात मागे केला.

"आत्या, पंप दे माझा."

'माझा' हा शब्द सगळ्या मांडवानं ऐकला. तिनं झाकण काढलं, आत पाहिलं, हलवला, बोंडलं शालूला पुसलं. "श्वास सोडा आधी. पूर्ण. आता हळू ओढा, काका, हळू. धरून ठेवा." थोडं थांबून पुन्हा एकदा. दुसऱ्याचा पंप वापरू नये हे मलाही माहीत आहे, पण माझा तेव्हा धान्याच्या कोठीचं काम करत होता. थोड्या वेळानं छातीतली शिट्टी उतरली. मग सगळा मांडव मंजूच्या हातातल्या पंपाकडे बघतोय हे दिसलं.

विहीणबाई पुढे आल्या. उंच बाई, आवाज गिरणीशेजारी राहणाऱ्याचा असतो तसा.

"हे तुहं हाय?"

"हो."

"काऊन सांगतलं नाही?"

मंजूनं माझ्याकडे बोट केलं. "काका म्हणाले, बोलू नको."

हेमराज मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. मला पुन्हा धाप लागावी असं मनापासून वाटलं, पण औषध चांगलं होतं. विहीणबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं, पण बोलल्या मंजूशीच. आमच्याकडं दिवसभर कोंडा उडते, तू कशी राहशील? मंजू म्हणाली की रोजचं औषध रोज घेतलं तर ती शाळेत खडूच्या धुळीतही शिकवते, आणि खोली गिरणीच्या बाजूची नको, रस्त्याच्या बाजूची द्या. असं नवरीनं मांडवात बोलायचं नसतं. नवरदेव पहिल्यांदाच बोलला, म्हणाला की समोरची खोली रिकामीच आहे. आईनं त्यालाही पाहून घेतलं.

मग त्या हेमराजला म्हणाल्या की लपवलं ते चांगलं केलं नाही, हे ध्यानात ठेवीन. आणि खाली पडलेला अंतरपाट स्वतः उचलून जितूच्या हातात दिला.

"धर. अन् याईले खुर्चीवर बसवा. दूर."

उरलेली मंगलाष्टकं मी खुर्चीवरून ऐकली. माझ्या वाटच्या अक्षता कुणी मागितल्या नाहीत.

सकाळी जितूनं गोंदियात डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासून घेतली, दाणा राहिलेला नव्हता. औषधाच्या दुकानातून नवा पंप घेतला, झाकणासकट. डॉक्टरांनी ओढून दाखवायला सांगितलं आणि बघून म्हणाले, इतकी वर्षं औषध जिभेलाच पाजत होता वाटतं.

साताऱ्याला परतलो. धानाचा मुलूख आणि त्यातले तलाव बघायला गेलो होतो. तलाव गाडीच्या खिडकीतून दिसले, तिकडचा प्रतापगड (आमचा साताऱ्याचा नव्हे) राहून गेला, आणि तांदूळ नको इतक्या जवळून पाहिला. तो झब्बा दोनदा धुतला तरी शिवणीतून अजून एखादा पिवळा दाणा निघतो. नव्या पंपाचं झाकण मी काळ्या दोऱ्यानं पंपालाच बांधलं आहे. बायको म्हणते, शाळेतल्या पोराच्या पाण्याच्या बाटलीसारखं दिसतं. दिसू दे. तिच्या लग्नात अंतरपाट कुणी पाडला नव्हता.

पाऊस सुरू झाल्यावर मंजूचा फोन आला. समोरचीच खोली मिळाली. डबा कपाटात आहे, आणि औषध घेतलं का हे सासूबाई रोज विचारतात, प्रेमानं की दरडावून ते तिला अजून ठरवता आलेलं नव्हतं. मी म्हटलं, माझा नमस्कार सांग. तर पलीकडून कुणीतरी फोनच तिच्या हातून घेतला.

"दिवाळीले या जी," विहीणबाई म्हणाल्या. "पण येतानी खिसे शिवून या."