किल्लीकाकूंची फळी

कॉलनी सोडून गेलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल, "आमची कॉलनी आता पार उतरली हो." सांगताना चेहरा असा, जणू हा गडी राहिला असता तर तिला खांद्यावर तोलून धरणार होता. बाग होती तिथे आता माल पोचवणाऱ्या गाड्या उभ्या राहतात, वाचनालयात मोबाइल दुरुस्त होतात आणि एकेका बैठ्या घरात दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडं राहतात, हे सगळं खरं आहे. पण कॉलनी उतरली की नाही, हे ठरवायचा अधिकार एकाच बाईला आहे, आणि ती अजून तिथेच, कोपऱ्यावरच्या घरात, खिडकीशी शिलाई मशीन चालवत बसलेली असते. तिला सगळे किल्लीकाकू म्हणतात.

हे नाव पडलं त्याला कारण झाला घरं बांधणारा ठेकेदार. पंख्यांचा कारखाना निघाला तेव्हा कामगारांसाठी ही घरं उभी राहिली. ठेकेदाराला कुठूनतरी एकाच जातीची लॅच घाऊक भावात मिळाली असावीत, कारण त्याने प्रत्येक पुढच्या दाराला तेच लॅच ठोकलं. दार लोटलं गेलं की आपोआप बंद, आणि बाहेरून उघडायला किल्लीच हवी. पहिल्याच आठवड्यात निम्मी कॉलनी आपापल्या दाराबाहेर अडकली. कुणी दुधाची पिशवी उचलायला पाऊलभर बाहेर आलं आणि मागे खटकन आवाज झाला. कारखान्यात ज्यांच्या नाकावर माशी बसत नसे ते सुपरवायझर कमरेला टॉवेल गुंडाळून, बायको बाजारातून येईपर्यंत स्वतःच्या पायरीवर बसून राहिले होते.

काकू शिवणकाम करायच्या, म्हणजे घरी कायम हजर. मग एकेकाने आपली जादा किल्ली त्यांच्याकडे ठेवायला सुरुवात केली. काकांनी भिंतीवर एक फळी लावली, तिला खिळे मारले, आणि किल्ल्यांना घरांचे नंबर चिकटवायला निघाले.

"म्हणजे चोराला पत्ता विचारत फिरायला नको," काकू म्हणाल्या.

त्यांनी वेगळीच युक्ती काढली. घरोघरचे पडदे, अभ्रे, पोरांचे गणवेश त्यांच्याकडेच शिवायला यायचे. ज्या घराची किल्ली, त्या घराच्या कापडाची चिंधी तिला बांधायची. कुठली चिंधी कुणाची, ते एकट्या काकूंना ठाऊक. त्यांनी ते काकांनाही कधी सांगितलं नाही, आणि काकांनी त्याचा राग जन्मभर जपून ठेवला. काकूंच्या स्वतःच्या घराची जादा किल्ली मात्र समोरच्या शाळामास्तरांकडे असायची, कारण फळीवर लावून उपयोग काय, फळीच आत.

लोक गावाला जायचे, लग्नकार्याला जायचे, महिना-महिना घर बंद असायचं. काकू जाऊन कुंड्यांना पाणी घालायच्या आणि दार ओढून यायच्या. एवढ्या वर्षांत कुणाच्या घरातली टाचणी इकडची तिकडे झाली नाही. काकूंनी दागिने फारसे कधी केले नाहीत. मिरवायला त्यांना फळी पुरायची.

पुढे कारखाना बंद पडला. ज्यांना जमलं ते शहराच्या पलीकडच्या नव्या इमारतींत गेले. जाताना काकूंच्या गळ्यात पडून रडले आणि त्या भरात किल्ली परत मागायची विसरले. घरं भाड्याने गेली, पण घरमालकांनी लॅच बदलायचा खर्च कशाला करावा? एके दिवशी मास्तरही गेले. त्यांनी तेवढी आठवणीने काकूंची किल्ली परत आणून दिली. ती कुणाकडे ठेवावी असं माणूस समोर दिसेना, म्हणून काकूंनी ती दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. काका तर त्याआधीच वारले होते. काकूंचा मुलगा दर रविवारी येऊन तेच विचारायचा.

"आई, इथे आता आपलं कोण आहे? माझ्याकडे खोली रिकामी पडलीय."

"फळी आहे ना," काकू म्हणायच्या. मुलगा हात टेकायचा.

मास्तरांच्या घरात मॉलमधला एक सिक्युरिटी गार्ड राहायला आला, बायको आणि लहान मुलगी घेऊन. माणूस घरी आला तरी अंगातला गणवेश उतरायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असा बघायचा की समोरच्याला आपोआप खिसे तपासून दाखवावेसे वाटत. एका सकाळी त्याची बायको कचरा टाकायला बाहेर आली आणि मागे दार लागलं. मुलगी आत, गॅसवर दूध. ती बाई दारावर हात आपटत रडायला लागली. काकूंनी मशीन सोडलं, फळीवरून मास्तरांच्या हिरव्या पडद्याची चिंधी बांधलेली किल्ली काढली, रस्ता ओलांडला आणि दार उघडलं. दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि वायूचा वास घरभर सुटला होता. काकूंनी शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, मुलीला उचलून आईच्या कडेवर दिलं आणि परत येऊन अर्धी राहिलेली बाही पुरी केली. त्या दिवशी मशीनवर त्या गुणगुणत होत्या. बऱ्याच दिवसांनी किल्ली कामाला आली होती.

संध्याकाळी गार्ड दारात उभा राहिला. काकूंना वाटलं, आभार मानायला आला असेल.

"माझ्या घराची किल्ली तुमच्याकडे कशी?" त्याने विचारलं.

काकूंनी मास्तरांचं सांगितलं, लॅचचं सांगितलं. त्याची नजर त्यांच्या खांद्यावरून फळीवर गेली.

"म्हणजे या सगळ्या लोकांच्या घरांच्या किल्ल्या? त्यांना माहीत आहे का?"

"पूर्वीच्यांना माहीत होतं."

"आत्ता राहतात त्यांना विचारलंय का? उद्या कुणाच्या घरी काही झालं तर पहिलं नाव कुणाचं येईल, मावशी?"

तो गेला आणि त्याच संध्याकाळी त्याने लॅच बदलून घेतलं. हातोडीचे ठोके काकूंना घरात ऐकू येत होते. त्यांना इतकं लागलं की जेवण गेलं नाही. ज्या फळीच्या जोरावर त्या ताठ मानेने जगल्या, तिच्यासमोर उभं राहून कुणीतरी त्यांना चोर म्हणून गेलं होतं. आणि खरं तर त्याचं चुकलं नव्हतं, हे जास्त झोंबत होतं. किल्ल्या ज्यांनी विश्वासाने दिल्या ते गेले होते, उरलेल्यांनी त्यांना काहीच दिलं नव्हतं. त्यांनी मुलाला फोन लावला.

"रविवारी ये. या खेपेला कायमची येते."

दुसऱ्या दिवशी सगळ्या किल्ल्या पिशवीत घालून त्या घरोघर निघाल्या. आधी मास्तरांच्या घरी जाऊन गार्डच्या बायकोच्या हातात हिरवी चिंधी दिली. ती बिचारी खाली मान घालून उभी राहिली. त्यापुढच्या घरात पार्सल पोचवणारी चार मुलं राहत होती. एक जण पायरीवर बसून भाकरीचे तुकडे मोडत होता.

"ही तुमच्या घराची किल्ली. इतके दिवस माझ्याकडे होती, चुकलं माझं," काकू म्हणाल्या.

तो किल्लीकडे बघतच राहिला. "काकू, मालकाने आम्हाला एकच किल्ली दिलीय. ज्याच्याकडे ती, तो येईपर्यंत बाकीचे असे पायरीवर. तुमच्याकडेच राहू दे ना. आम्ही येता-जाता नेऊ."

काकूंना वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. पण पुढच्या घरातली दवाखान्यातली आया तेच म्हणाली. तिची मुलगी शाळेतून येते तेव्हा ती कामावर असते. त्यापलीकडच्या बिऱ्हाडात नवरा-बायकोच्या पाळ्या उलट्यासुलट्या. काही दारं उघडली नाहीत, एकाने किल्ली हिसकावल्यासारखी घेतली, एका म्हाताऱ्याला आधी त्या मतं मागायला आल्यात असं वाटलं. पण काकू घरी परतल्या तेव्हा पिशवी फारशी हलकी झाली नव्हती. शनिवारपर्यंत तर त्यांना शिवायला फुरसत मिळेना. जुन्या लोकांना किल्ली वर्षातून एखाद्या वेळी लागायची. या लोकांना दिवसातून चारदा लागत होती.

रविवारी सकाळी मुलाची गाडी यायच्या आधी दारावर टकटक झाली. बाहेर गार्ड उभा होता. अंगात बनियन, कमरेला टॉवेल, तोंडाला अजून दाढीचा साबण. बायको-मुलगी बाजारात गेल्या होत्या. शेजाऱ्याचं पाणी वाहतंय म्हणून नळ बंद करायला तो बाहेर आला, आणि नवं लॅचही शेवटी लॅचच होतं.

"काकू, किल्ली..." म्हणता म्हणता त्याला स्वतःलाच आठवलं, की लॅच आपणच बदललंय.

काकूंना हसू आवरेना. पण त्यांनी ते गिळलं, काकांचा जुना सदरा त्याला घालायला दिला आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसवलं. त्याच्यासमोर आयाची मुलगी आली, निळ्या ठिपक्यांची चिंधी खिळ्याला लावून गेली. पार्सलवाला आला, किल्ली घेऊन गेला. दोघांनीही काकूंना, येते काकू, येतो काकू म्हटलं.

"लोक सरळ देतात तुम्हाला," तो हळूच म्हणाला.

"तुमच्याकडे तर अख्ख्या मॉलच्या असतील."

"छे. त्या मॅनेजरकडे. इतकी वर्षं दारावर उभा आहे काकू, पण किल्ली अजून कुणी हातात दिली नाही." थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या दिवशी मी बोललो ते..."

"राहू दे. साबण वाळलाय तोंडावर, पुसून घे."

बायको आल्यावर तो गेला. लगेच परत आला, तेव्हा हातात नव्या लॅचची जादा किल्ली होती आणि तिला जुनीच हिरवी चिंधी बांधली होती. ती त्याने स्वतः खिळ्यावर अडकवली. तेवढ्यात मुलगा दारात आला.

"बॅग कुठाय, आई?"

"एकच छोटी घेतलीय. चार दिवस येते, राहायला नाही." मुलाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आणि चार दिवसांनी तूच आणून सोडायचंस. इथे माणसं दाराबाहेर बसतील." मुलगा बॅग उचलून गाडीकडे गेला.

"पण चार दिवस किल्ल्या कोण देणार?" गार्डने विचारलं.

काकूंनी गळ्यातला दोरा काढला. मास्तर गेल्यापासून तो उतरला नव्हता. दोऱ्यासकट किल्ली त्यांनी त्याच्या हातावर ठेवली. तो तिच्याकडे बघत राहिला, मुठीत धरावी की नाही हे न कळल्यासारखा.

"मला कुठली चिंधी कुणाची ते ठाऊक नाही," तो म्हणाला.

हे काकांनासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. बाहेर मुलाने गाडीचा हॉर्न वाजवला. काकूंनी गार्डला फळीजवळ बोलावलं आणि पहिल्या खिळ्यावर बोट ठेवलं.

"नीट ऐक. निळे ठिपके म्हणजे आयाबाईंचं घर."