एकटीची शर्यत

मी धावायला शिकले ती रेवदंड्याच्या पुळणीवर. शिकले म्हणजे काय, शिकवलं कुणीच नाही. चौलला आमची नारळी-पोफळीची वाडी. अण्णा, म्हणजे माझे वडील, मुंबईला मुलींच्या शर्यती बघून आले आणि त्यांच्या डोक्यात किडा शिरला. आईने कपाळावर हात मारला. "धावून धावून जाणार कुठे ही?" ती विचारायची.

ओहोटी लागली की ओली पुळण जमिनीसारखी घट्ट होते. म्हणून मी पंचांग बघून धावायची. अष्टमीच्या सुमाराला भर दुपारी, पुनवेच्या आसपास भल्या पहाटे. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचायचा, किल्ल्याच्या तटापासून निघायचं, कोळ्यांच्या होड्यांना हात लावायचा आणि भरती यायच्या आत परत फिरायचं. मासळी वाळत घालणारी एखादी म्हातारी ओरडायची, "कोन मागं लागलंय गो बाय तुज्या?"

कुणी नाही हो! कुणी नाही, हेच तर माझं दुखणं होतं. मैत्रिणींची एकेक करून लग्नं झाली. माझ्याबरोबर चार पावलं धावेल अशी एक पोरगी अख्ख्या अष्टागरात नव्हती. फार एकटं वाटायचं.

पहिल्या शर्यतीला अण्णांबरोबर आगबोटीने मुंबईला गेले. वाटलं, तिथे तरी कुणी भेटेल. कसलं काय! लांब पल्ल्याला माझ्याखेरीज कुणी नावच दिलं नव्हतं. इतकं धावलं तर बाईच्या जातीला पुढे पोरंबाळं होत नाहीत, असं तेव्हा शिकलीसवरलेली माणसंही म्हणत. चुन्याच्या रेघेवर मी एकटीच उभी. शिट्टी झाली. मैदानाची एक फेरी पुरी केली, खांबाला हात लावला आणि सवयीने गर्रकन वळून उलट्या दिशेने धावत सुटले! सगळं मैदान खो खो हसलं. अहो, पुढे कुणी असती तर तिच्या मागे गेले असते ना? तरी बक्षीस मलाच. दुसरी होतीच कोण? तो चांदीचा पेला आईने मिठाला लावला.

पुढची वर्षं तशीच गेली. मी जायची, एकटी धावायची, पहिली यायची. मेलं, कसलं पहिलं ते!

मग एका वर्षी माझ्या शेजारी रेघेवर एक मुलगी येऊन उभी राहिली. पुण्याची, सावळी, काटकुळी. माझ्याकडे बघून हसली. शेवटच्या वळणावर ती मला मागे टाकून गेली. तिचा हलणारा शेपटा, घामाने भिजलेली पाठ, धापांचा आवाज, सगळं माझ्या पुढे! मी हरले आणि इतकी खूश झाले की तिला मिठीच मारली.

"पुढच्या वर्षी येशील ना गं?" मी विचारलं.

"येणार तर! तुला पुन्हा हरवायला नको?"

ते वर्षभर मी पुळणीवर जीव तोडून धावले. आईने दोन स्थळं आणली, दोन्हींना मी नाही म्हटलं. मला तिला गाठायचं होतं, बाकी काही सुचत नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी रेघेवर मी एकटीच. तिच्या शाळेच्या बाई दिसल्या, त्यांना विचारलं.

"वैशाखात लग्न झालं तिचं. आता कसली येतेय!" बाई म्हणाल्या. "पहिला नंबर तुझाच आहे की. उगाच उन्हात कशाला तापतेस?"

माझं डोकंच फिरलं. "शिट्टी वाजवा," मी पंचांना म्हटलं.

धावले. प्रत्येक वळणावर मागे बघत धावले. रेघ ओलांडली, तिथेच मातीत फतकल मारली आणि हमसाहमशी रडले. लोक म्हणाले, आनंदाचं रडू आहे, रडू दे पोरीला. अण्णांनाही तेच वाटलं. ते लगबगीने पेढे आणायला गेले.