स्टंपमागून आलेला आवाज

भुतंखेतं, संकेत, असलं काही मला कधी पटलं नाही. टीममधल्या मुली आधी डावंच पॅड बांधायच्या, ठरलेला रुमाल खिशात ठेवायच्या... मी त्यांना हसायचे. म्हणून हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

मी नळदुर्गची, डावखुरी स्पिनर. भारताकडून थोडे सामने खेळले, सध्या संघाबाहेर आहे. कुणी ओळखलंत तर कृपया नाव लिहू नका.

शाळेच्या मैदानावर पोरांमध्ये आम्ही दोघीच मुली खेळायचो, मी आणि शिवलीला. ती कीपर. तिच्या घरी कानडी बोलतात. जिल्ह्याच्या संघात गेल्यावर लातूर-बीडच्या पोरींना कळू नये म्हणून ती स्टंपमागून मला कानडीत सांगायची, "मुंद हाक." म्हणजे पुढं टाक.

मी राज्याच्या कॅम्पला गेले त्याच वर्षी ती भावाच्या मोटारसायकलवर मागं बसलेली असताना हायवेवर ट्रकनं गाडीला मागून उडवलं. भावाचं खरचटण्यावर निभावलं. शिवूच्या डोक्याला मार बसला, उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तिला ऐकू येतं, समजतं, पण बोलण्याची आशा धरू नका, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी सुट्टीला आले की तिच्यापाशी बसायचे. तिची आई, गंगव्वाकाकू, तिला भरवताना सारखं काहीबाही बोलत राहायच्या. शिवू नुसती बघायची.

मग माझी निवड झाली. पहिलाच सामना इंग्लंडात, सकाळचा. थंडीनं बोटं आखडलेली, त्यात भीती... चेंडू आखूड पडत होता आणि मार बसत होता. तिसऱ्या ओव्हरला रनअपवर उभी होते, तेव्हा स्टंपमागून स्पष्ट ऐकू आलं —

"मुंद हाक."

शिवूचाच आवाज. तोच, जरासा घोगरा. मी काही विचार न करता पुढं टाकला. बॅटर क्रीज सोडून आली, चुकली, आणि स्टंपिंग. सगळ्या धावत येऊन बिलगल्या. मी त्यांच्या खांद्यावरून स्टंपमागं बघत होते.

ब्रेकमध्ये आमची कीपर — पंजाबची मुलगी — पॅड सोडता सोडता म्हणाली, "ये मुंद हाक क्या होता है?" मी तिलाच विचारलं, तू म्हणालीस का? ती म्हणाली, "नहीं. मेरे पीछे से आया. मुझे लगा स्लिपवाली बोली."

स्लिपला कुणी नव्हतं.

नंतर मी रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलं. त्यात काहीच नाही.

संध्याकाळी घरी फोन केला, तर आईनं सांगितलं की गंगव्वाकाकू घरी येऊन रडून गेल्या. शिवू बोलली होती. तिच्या भावानं मोबाईलवर सामना लावला होता. मी रनअपवर उभी दिसले आणि ती "मुंद हाक" म्हणाली. घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. पण मोबाईलवर चित्र उशिरा येतं. तिला मी दिसले तेव्हा मैदानात विकेट पडूनही गेली असणार. मग मला ते आधी कसं ऐकू आलं?

त्यानंतर शिवू बोलली नाही. आणि मी प्रत्येक सामन्यात चेंडूपेक्षा स्टंपमागं जास्त कान देऊ लागले. बोलिंग बिघडली. कोच म्हणाले, लक्ष कुठंय तुझं? वर्षाच्या आत संघातून गेले.

डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले, क्वचित एखादा शब्द येतो. बाकीच्याचं उत्तर त्यांच्याकडं नाही, माझ्याकडंही नाही.

गेल्या महिन्यात तिच्याकडं गेले होते. गंगव्वाकाकू तिचे केस विंचरत होत्या. मध्येच फणी थांबवून, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "एक इचारू का, पोरी? तुझ्यासाठी हिला बोलता आलं. मग मला कधी अव्वा का म्हणत न्हाय?"

शिवू आमच्या दोघींकडं बघत होती. तिचे ओठ हलायला लागले... बराच वेळ हलत राहिले. काकू फणी हातात धरून वाट बघत बसल्या.